फोर-केचा तोरा आणि गुलालाची परीक्षा

कोल्हापुरात जोतिबाची चैत्र यात्रा जवळ आली, की पोरं छोटे कॅमेरे शोधायला लागतात. हेल्मेटवर बसणारा, छातीला बांधायचा, नाहीतर नुसता मुठीत मावणारा. राजारामपुरीत कुठल्याही काउंटरवर प्रश्न ठरलेला, "फोर-के हाय का?" उत्तरही ठरलेलं, "हाय की भावा, नाद खुळा क्लॅरिटी!" मग डोंगरावर गुलाल उधळला जातो, सासनकाठ्या नाचायला लागतात. घरी येऊन मोठ्या टीव्हीवर लावावं, तर नेमका तोच भाग गेलेला. चेहरे, फेटे, काठीचा तुरा, सगळं चौकोनी ठोकळ्यांत विरघळलंय. सकाळी त्याच कॅमेऱ्यानं घेतलेला दगडी कमानीचा शॉट मात्र लख्ख आहे.

लेन्स तीच, सेन्सर तोच, सेटिंगही बदललेलं नाही. बदललं ते समोरचं दृश्य, आणि कॅमेऱ्याला ते लिहून घेणं झेपलं नाही.

फोर-के हा चित्रात ठिपके किती, एवढाच आकडा. ते ठिपके, म्हणजे पिक्सेल, नोंदवायला सेकंदाला किती बिट (शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान तुकडा) खर्च होतात तो आकडा वेगळा, त्याला बिटरेट म्हणतात. खोक्यावर पहिला आकडा हातभर मोठ्या अक्षरात असतो. दुसरा शोधायला माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान गाठावं लागतं, आणि स्वस्त मालात तो तिथंही नसतो.

आधी हिशेब करू. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं. झाले सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट, म्हणजे १५५ मेगाबाइट. या दराने ६४ जीबीचं कार्ड सात मिनिटांच्या आत भरेल, आणि चौपट पिक्सेलच्या फोर-केमध्ये पावणेदोन मिनिटांत. प्रत्यक्षात सोनी आणि पॅनासॉनिकनं २००६ साली आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत फुल एचडीसाठी मुक्रर कमाल होती सेकंदाला २४ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ३ मेगाबाइट. बावन्न भागांतला एक भाग कार्डावर जातो, बाकीचे एक्कावन्न लिहिलेच जात नाहीत. तरी आपल्याला चित्र पुरं दिसतं!

यातली पहिली काटछाट रंगात होते. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून चार पिक्सेलना उजेड ज्याचा त्याचा, पण रंग चौघांत मिळून एकच. इथंच निम्मं ओझं उतरतं. एरवी पत्ता लागत नाही, पण पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या गुलालाची कड मोठ्या पडद्यावर नीट पाहा. गुलाबी रंग रेघेबाहेर ओघळलेला दिसेल.

दुसरी काटछाट माझ्या विशेष आवडीची आहे. आपल्याकडे सरकारी दप्तरात असतं तसं एन्कोडरचं, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र आवळून लिहिणाऱ्या चिपचं, धोरण असतं : मागील पानावरून पुढे चालू. दर सेकंदाला एखाद-दुसरी फ्रेम पूर्ण लिहायची. बाकीच्या फ्रेममध्ये आधीपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवायचं. त्यासाठी एच.२६४ ही २००३ सालची पद्धत चित्राचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडते. आडवे १२०, उभे साडेसदुसष्ट. अर्धा चौकोन चालत नाही, म्हणून कॅमेरा खाली आठ ओळी जादा धरून ६८ करतो आणि दाखवताना त्या ओळी झाकतो. एकूण ८,१६० चौकोन. आता प्रत्येक चौकोनासाठी प्रश्न : हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठं होता? सापडला तर "चार घरं डावीकडे, एक घर वर" एवढं लिहून काम भागतं. घर म्हणजे इथं एक पिक्सेल.

पण शोधणं स्वस्त नाही. चहूबाजूंना १६-१६ पिक्सेल हुडकायचं म्हटलं, तर ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ जागा झाल्या. किती जुळतं ते बघायला चौकोनातल्या प्रत्येक पिक्सेलची एक, म्हणजे प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. एका चौकोनाला पावणेतीन लाखांवर, एका फ्रेमला सव्वादोनशे कोटी, सेकंदाला ५,६८७ कोटी वजाबाक्या. आणि हे फक्त पूर्ण पिक्सेलच्या घरांचं झालं. एच.२६४ पाव पिक्सेलपर्यंत जाऊ देते, त्याचा हिशेब मी धरलेलाच नाही.

मुठीएवढ्या डबीत, बोटाएवढ्या बॅटरीवर, पंख्याशिवाय एवढं शोधत बसायला कोणाला वेळ आहे? म्हणून छोटा कॅमेरा अंदाजानं आडवाटा घेतो. चार ठिकाणी डोकावतो, बऱ्यापैकी जुळलं की "चालतंय" म्हणून पुढं जातो. घरचा संगणक तेच दृश्य रात्रभर सावकाश आवळू शकतो आणि तेवढ्याच फाइलमध्ये त्याहून चांगलं चित्र बसवतो. दोन कॅमेऱ्यांचा बिटरेट तंतोतंत सारखा असून एकाचं चित्र सरस निघतं, त्यामागे बऱ्याचदा एन्कोडर चिप असते. हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

जुळलेला तुकडा आणि खरा तुकडा यांत थोडा फरक उरतोच. त्या उरलेल्या फरकाशी गाठ पडते तेव्हा बंगळुरूत जन्मलेल्या नसीर अहमद यांचं गणित कामी येतं. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' मांडला. ८ गुणिले ८ च्या चौकोनातले ६४ आकडे घ्या आणि तेच ६४ लाटांच्या बेरजेत मांडा. पहिली लाट सपाट, म्हणजे चौकोनाची सरासरी. पुढच्या लाटा क्रमाक्रमानं बारीक होत जातात. माहिती तेवढीच राहते, पण साध्या दृश्यात बहुतेक वजन सुरुवातीच्या चार-सहा लाटांत गोळा होतं. मग प्रत्येक आकड्याला एका पायरीनं भागायचं आणि जवळचा पूर्णांक ठेवायचा. पायरी १० असेल तर ८७ चे ९ होतात, ४ चा शून्य. शून्यांची रांग लिहायला जागा जवळजवळ लागतच नाही. एच.२६४ मध्ये या गणिताचा पूर्णांकी भाऊबंद वापरतात. पायरीचं बटण ० ते ५१ फिरतं आणि दर सहा घरांनी पायरी दुप्पट होते. चित्राचा दर्जा खरोखर जिथं ठरतो ती जागा ही.

आता गुलाल. हवेत उडालेल्या कणांपैकी कुठलाही कण पुढच्या फ्रेममध्ये आपल्या जागी नसतो, शेजाऱ्यांबरोबर ओळीनं सरकलेलाही नसतो. मागच्या पानावर काही सापडत नाही. फरक उरतो भरमसाट, आणि बिटांचा कोटा तर ठरलेला. मग एन्कोडर पायरी वाढवत नेतो, बारीक लाटा एकामागून एक शून्य होतात, शेवटी चौकोनात फक्त सरासरी उरते. एकरंगी ठोकळा! टीव्हीवर दिसलेला चिखल तो हाच. माहितीच्या गणिताचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननं १९४८ मध्ये सांगितलं होतं, की जे आधी ओळखता येतं ते कळवायला बिट कमी लागतात, जे अनपेक्षित ते महाग. रंकाळ्यावर वाऱ्यानं उठलेल्या बारीक लाटा, खासबागेच्या कुस्ती मैदानात उडणारी तांबडी माती, मुसळधार पाऊस, हे सगळे या हिशेबात महागडे पाहुणे. पन्हाळ्याच्या वाटेवर हेल्मेटवरचा कॅमेराही हाल सोसतो, कारण पुढं जाताना झाडं नुसती सरकत नाहीत, मोठी होत जातात. "चार घरं डावीकडे" या भाषेत ते नीट सांगता येत नाही.

फोर-केनं हे सुटेल? गणित करा. फुल एचडी २४ मेगाबिटला, २५ फ्रेमच्या हिशेबानं, एका पिक्सेलच्या वाट्याला ०.४६ बिट येतो. त्याच २४ मेगाबिटमध्ये फोर-के कोंबलं, तर वाटा ०.१२ वर घसरतो. १०० मेगाबिट दिले तर पुन्हा ०.४८. म्हणून कमी बिटरेटच्या फोर-केपेक्षा चांगल्या बिटरेटचं फुल एचडी गर्दीच्या दृश्यात सरस दिसू शकतं. एच.२६४ च्या पुढच्या, २०१३ सालच्या एचईव्हीसी पद्धतीचं उद्दिष्ट निम्म्या जागेत तेवढीच प्रत देण्याचं होतं आणि ती बरीच मदत करते, फक्त जुन्या लॅपटॉपवर अडखळते. काही स्वस्त कॅमेऱ्यांत तर सेन्सरच फुल एचडीचा असतो, चित्र ताणून फोर-के म्हणून विकतात. त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

अंधारात आणखी एक भानगड आहे. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, त्याच्या पिक्सेलवर प्रकाशकण थोडेच पडतात. सरासरी १०० कण येत असतील, तर त्यांत १० चा चढउतार निसर्गतःच असतो. दहा हजार आले, तर चढउतार १००, म्हणजे फक्त एक टक्का. तालमीतल्या मंद दिव्याखाली भिंतीवर जी मुंग्यांसारखी वळवळ दिसते ती हीच, आणि ती दर फ्रेमला नवी असते. एन्कोडरच्या दृष्टीनं हाही गुलालच. बिट खाऊ नयेत म्हणून कॅमेरा आधीच वळवळ पुसतो, त्यासाठी लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळतो. पैलवानाच्या पाठीवरची माती पुसली जाते आणि पाठ मेणाची दिसते.

हीच मिसळामिसळ सीसीटीव्हीतल्या 'भुतां'ची जननी आहे. रात्री दर महिन्याला कुठला तरी व्हिडिओ फिरतो : बोळातून अर्धपारदर्शक आकृती चालली, मागची भिंत आरपार दिसतेय. कमी उजेडात रेंगाळणारं शटर आणि फ्रेमची सरासरी यांतून चालत्या माणसाची अशीच आकृती उमटते. दूध द्यायला निघालेला गडी असतो बिचारा. अमावास्येला कॅमेऱ्याला उजेड कमी मिळतो, एवढाच तिथीचा संबंध. त्यात फॉरवर्ड करताना फाइल दरवेळी नव्यानं आवळली जाते, तपशील आणखी उडतो आणि भूत आणखी पटायला लागतं.

घेताना विचारायचं ते हे : कमाल बिटरेट किती, तो कुठल्या फ्रेमरेटला, आणि सेटिंगमध्ये वाढवता येतो का. यात्रेच्या दिवशी तो पूर्ण वर ठेवा, घरगुती वाढदिवसाला खाली आणलात तरी बिघडत नाही. मूळ फाइल कार्डावरून सरळ उतरवून ठेवा. मोठी फाइल ४ जीबीच्या तुकड्यांत आली तर घाबरू नका, ती कार्डावर फाइल मांडायच्या फॅट३२ या जुन्या रचनेची मर्यादा आहे. कार्ड घेताना बिट आणि बाइट यांची गल्लत मात्र करू नका : १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, आणि व्ही३० छापलेलं अस्सल कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइट सलग लिहितं. अशा कॅमेऱ्यासाठी त्याहून वेगवान व्ही९० वर पैसे घालायचं काही कारण नाही.