मुंबईतील वसाहतकालीन पुतळे

मुंबईतील वसाहतकालीन पुतळे : ब्रिटिश राजवटीत मुंबई शहराच्या चौकांत, मैदानांच्या कडेला आणि सार्वजनिक इमारतींत उभारण्यात आलेले राजघराण्यातील व्यक्तींचे व प्रशासकांचे पुतळे. यांपैकी उघड्यावरील बहुतेक पुतळे १९६५ च्या सुमारास हलविण्यात आले. महत्त्वाच्या पुतळ्यांपैकी बरेचसे आज भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात (राणीची बाग) आणि त्याला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहेत. स्वतंत्र देशाने परकीय सत्तेची स्मारके कुठे ठेवावीत, हा प्रश्न मुंबईने ती न फोडता, न वितळविता, त्यांची जागा बदलून सोडविला. हे पुतळे उभारण्यात, त्यांना विरोध करण्यात आणि पुढे ते जपण्यात येथील लोकांचाच मोठा वाटा असल्यामुळे त्यांचा इतिहास हा मुंबईच्या सामाजिक इतिहासाचाही भाग ठरतो.

सुरुवातीचे पुतळे गव्हर्नर जनरलांचे होते. लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि मार्क्विस वेलस्ली यांचे संगमरवरी पुतळे इंग्लंडमध्ये घडवून किल्ल्यातील मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, उभे करण्यात आले. कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याला स्थानिक लोक फुले वाहत आणि देवस्थानाप्रमाणे मानत, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांच्या लिखाणात आढळतात. या नोंदी लिहिणाऱ्यांचा सूर कौतुकाचा व काहीसा कनिष्ठ लेखणारा असला, तरी एक गोष्ट त्यांतून दिसते : चौकात उभ्या केलेल्या मूर्तीचा अर्थ उभारणाऱ्याच्या इच्छेप्रमाणेच घेतला जाईल, याची खात्री सत्ताधाऱ्यांना कधीच देता आली नाही.

१८६० नंतर किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, कापसाच्या व्यापारातून शहरात पैसा आला आणि रुंद रस्ते व चौक तयार झाले. मोठ्या पुतळ्यांचा काळ येथून सुरू होतो. मॅथ्यू नोबल याने घडविलेला राणी व्हिक्टोरियाचा पांढऱ्या संगमरवराचा बैठा पुतळा १८७२ मध्ये अनावृत झाला; त्याचा खर्च बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी केला होता. १८७५-७६ मध्ये युवराज एडवर्ड (नंतरचा सातवा एडवर्ड) भारतात आला. त्या भेटीच्या स्मरणार्थ जोसेफ एडगर बोम याने ब्राँझमध्ये घडविलेला त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये एस्प्लनेड मार्गावर (आजचा महात्मा गांधी मार्ग) बसविण्यात आला, आणि त्याची देणगी सर आल्बर्ट ससून यांची होती. एक मराठी संस्थानिक आणि एक बगदादी ज्यू व्यापारी घराणे या दोन देणगीदारांकडे पाहिले, म्हणजे वसाहतकालीन सार्वजनिक कलेला केवळ लादलेली कला म्हणणे अपुरे आहे हे पटते. राजनिष्ठा, प्रतिष्ठेची आकांक्षा आणि शहराविषयीची आपुलकी या तिन्ही गोष्टी त्या देणग्यांत मिसळलेल्या होत्या. मात्र कोणाची प्रतिमा चौकात उभी राहायची, हे ठरविण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला नव्हता आणि पुढील विरोधाचे मूळ तेथेच आहे.

हा विरोध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो १८९६ मध्ये. व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घालण्यात आली. हे कृत्य कोणी केले याचा छडा त्या वेळी लागला नाही. पुढे पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधासाठी फाशी गेलेल्या दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात ते आपणच केल्याचे सांगितले. संगमरवरात मुरलेले डाग काढण्याचे काम रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी यशस्वी करून दाखविले. पुतळा काळा करणारा आणि तो पुन्हा पांढरा करणारा हे दोघेही याच भूमीतील होते. यांपैकी एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला राजनिष्ठ म्हणून विषय संपविणे योग्य नाही, कारण गज्जर हे देशी रसायन उद्योगाच्या उभारणीसाठी झटलेले गृहस्थ होते.

दरम्यान पुतळे घडविणारे हातही बदलत होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतून (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीत तयार झालेले शिल्पकार पुढे आले. ‘मंदिरपथगामिनी’मुळे विद्यार्थिदशेतच कीर्ती मिळविलेले गणपतराव म्हात्रे यांनी गेटवे ऑफ इंडियाजवळ उभा राहिलेला पंचम जॉर्जचा पुतळा घडविला. त्याच परंपरेतील, अलिबागजवळच्या सासवणे येथील विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांनी पुण्यातील शिवस्मारकासाठी छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा साकारला. त्याचे ओतकाम माझगाव गोदीत झाले आणि १९२८ मध्ये तो अनावृत झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने हाती घेतलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये ब्रिटिश युवराजाच्या हस्ते बसविण्यात आली होती आणि अनावरण मुंबईच्या गव्हर्नरच्या हस्ते झाले. पुढे स्वराज्याचे प्रतीक ठरलेली शिल्पप्रतिमा साम्राज्याच्या समारंभातूनच जन्मली, हे या काळाचे फार बोलके वैशिष्ट्य आहे. घोड्यावर स्वार राजा ही युरोपीय स्मारकशैली येथील शिल्पकारांनी आत्मसात केली आणि ती आपल्या राजासाठी वापरली.

स्वातंत्र्यानंतर पुतळे लगेच हलले नाहीत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी गेटवेच्या कमानीतून बाहेर पडली, तरी राजे-राण्या आपापल्या चौथऱ्यांवर राहिल्या. सार्वजनिक जागेवर कोणाची छाप असावी, हा प्रश्न मुंबईत खरा पेटला तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने. फ्लोरा फाउंटन हे १८६४ चे कारंजे. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याच्या परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला. राज्यस्थापनेनंतर कारंज्याशेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक उभे राहिले आणि तो परिसर हुतात्मा चौक झाला. येथे रोमन देवतेचे कारंजे पाडले गेले नाही, की झाकलेही गेले नाही. चळवळीने त्याच्या शेजारी स्वतःची जागा घेतली, आणि १०५ हुतात्म्यांचे स्मरण करण्यासाठी जमणारा माणूस आजही दोन्ही एकाच नजरेत पाहतो. मुंबईतील वारशाविषयीच्या सर्व निर्णयांत हा निर्णय सर्वांत परिपक्व मानावा लागेल.

२६ जानेवारी १९६१ रोजी गेटवेसमोर नारायण सोनवडेकर यांनी घडविलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. म्हात्र्यांचा पंचम जॉर्ज तेथून हलला आणि पुढे दीर्घकाळ फोर्टमधील एका शेडमध्ये पडून राहिला. भारतीय शिल्पकलेच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या कलाकाराची कृती, केवळ विषय नकोसा झाला म्हणून, अशी नजरेआड व्हावी ही खेदाची बाब आहे. १९६५ मध्ये उरलेल्या पुतळ्यांची रवानगी भायखळ्याला झाली. एडवर्डचा अश्वारूढ पुतळा उद्यानात, तर व्हिक्टोरिया, कॉर्नवॉलिस व वेलस्ली संग्रहालयाच्या आवारात आले.

त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगिजांनी घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते त्याच्यावरूनच. १८६४ मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना त्याचे तुकडे झाले आणि १९१४ मध्ये ते तुकडे जोडून तो येथे उभा करण्यात आला. परदेशी नेता न आलेला हत्ती आणि परदेशातून आणून चौकातून काढलेले राज्यकर्ते एकाच कुंपणात आहेत. वसाहतकाळाचा इतिहास मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून चांगली जागा मुंबईत नाही, आणि शाळांच्या सहलींनी तिचा याहून कितीतरी अधिक उपयोग करायला हवा.

इमारतींच्या आतील पुतळ्यांना मात्र कोणी हात लावला नाही. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांचे फ्रान्सिस चँट्री याने घडविलेले पुतळे नाना शंकरशेट यांच्या पुतळ्यासह आजही आहेत. आक्षेप होता तो शिल्पाला नव्हे, चौकातील मानाला, हे यावरून स्पष्ट होते. तसेच नावांचे : एल्फिन्स्टन सर्कलला हॉर्निमन सर्कल हे नाव मिळाले. बेंजामिन हॉर्निमन हे जन्माने इंग्रज, पण ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून भारताची बाजू घेतल्याने १९१९ मध्ये हद्दपार झालेले. नव्या राष्ट्राने वंशाऐवजी भूमिका पाहिली, हे त्या नावात कायमचे नोंदलेले आहे.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. त्याच दशकात व्हिक्टोरिया टर्मिनसला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले आणि २००४ मध्ये ती इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. नाव बदलणे आणि वास्तू जपणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

एडवर्डचा पुतळा गेला तरी त्या परिसराचे ‘काळा घोडा’ हे नाव गेले नाही. हे नाव लोकांनी पुतळा जागेवर असतानाच दिले होते आणि त्यात युवराजाला स्थान नव्हते. स्वार चौकातून उतरविला जाण्याच्या कितीतरी आधी मुंबईकरांनी त्याला बोलण्यातून उतरविला होता. १९९९ पासून तेथे कला महोत्सव भरू लागला. २०१७ मध्ये शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा काळा घोडा त्या परिसरात उभा राहिला. त्याच्या पाठीवर स्वार नाही, खोगीरही नाही.