जहाजावरचा थर्मल सुईट : तळातून वर आलेल्या गरम खोल्या

पुण्यातून क्रूझला निघालेली मंडळी केबिन, जेवण आणि किनाऱ्यावरच्या सहली यांची चौकशी अगदी बारकाईने करतात. ‘थर्मल सुईट पास’ दिसला की मात्र तो मसाजचाच प्रकार समजून पुढे जातात. मसाजचे पैसे वेगळे, तो पास वेगळा. पासावर मिळतो तो काही खोल्यांचा वापर: कोरडा सॉना, वाफेची खोली, गरम फरशीचे आरामपलंग, जोरदार फवाऱ्यांचा कोमट तलाव आणि अंग गार करायची काहीतरी सोय. हा क्रम जहाजावर कुठून आला, हे कळलं की तो कसा वापरायचा हेही बरंचसं कळतं.

कोमट, गरम, गार हे तीन टप्पे रोमन स्नानगृहांचे. जमिनीखाली पोकळी ठेवून त्यातून भट्टीची गरम हवा फिरवायची, म्हणजे फरशी आणि भिंती तापतात. तुर्की हमामांनी ही पद्धत टिकवली. बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातला शाही हमाम त्याच घराण्यातला. इंग्रजांना वाफ आणि चंपीची गोडी लावली ती पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी, १८१४ साली ब्रायटनला स्नानगृह काढून. पुढे १८५६ मध्ये आयर्लंडमधल्या ब्लार्नीला डॉ. रिचर्ड बार्टर आणि डेव्हिड अर्क्वर्ट यांनी कोरड्या गरम हवेचं ‘टर्किश बाथ’ बांधलं आणि त्याची लाट ब्रिटनभर पसरली.

दुसरा धागा थंड पाण्याचा. ग्रेफनबर्गचा प्रीसनिट्झ, बव्हेरियातला पाद्री सेबास्टियन क्नाइप, लाइपझिगचा लुई कून ही जलोपचाराची माणसं. कूनचं कटिस्नान, म्हणजे कंबरेपर्यंत गार पाण्यात बसणं, गांधीजींनी स्वतः करून पाहिलं, इतरांना सांगितलं, आणि १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. तिथे बाष्पस्नान घेतलेल्या पुणेकराला जहाजावरचा अर्धा थर्मल सुईट आधीच ओळखीचा असतो. फक्त तिथे पथ्याचं जेवण असतं, इथे रात्रभर बुफे.

जहाजावर हे प्रथम आलं १९०७ साली, व्हाइट स्टार कंपनीच्या ‘अ‍ॅड्रियाटिक’वर. बंदिस्त तलाव आणि टर्किश बाथ असलेली ती पहिली अटलांटिक बोट. १९११ च्या ‘ऑलिम्पिक’वर आणि १९१२ च्या ‘टायटॅनिक’वर तीच सोय आणखी थाटात केली. ‘टायटॅनिक’चं स्नानगृह एफ डेकवर, म्हणजे पाण्याच्या रेषेच्या आसपास होतं: वाफेची खोली, गरम खोली, मध्यम खोली, मर्दनाच्या खोल्या आणि निळ्याहिरव्या फरशांची गार खोली. प्रवेश पहिल्या वर्गालाच, दर चार शिलिंग. सकाळी बायका, दुपारनंतर पुरुष. २००५ मध्ये पाणबुडी यंत्राने त्या गार खोलीत डोकावलं तेव्हा फरशा आणि सागवानी काम बरंचसं शाबूत दिसलं.

इतक्या खाली ठेवण्यात शहाणपण होतं. पाणी म्हणजे वजन. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून थोडं जास्त भरतं. हे वजन खाली असलं की जहाज स्थिर राहतं, आणि वाफ तर बॉयलरकडून शेजारूनच मिळे.

जेट विमानांनी अटलांटिकच्या बोटी मोडीत काढल्या आणि जहाजं सुट्टीची झाली. बरीच वर्षं त्यांच्यावर ‘स्पा’ म्हणजे केशकर्तनालय, दोन मसाजची टेबलं आणि कोपऱ्यात एक सॉना, एवढंच असे. जुनं ‘फ्रान्स’ जहाज ‘नॉर्वे’ झालं, त्यावर १९९० च्या दुरुस्तीत रोमन थाटाचा स्पा बांधला गेला. २००४ ला ‘क्वीन मेरी २’ सुमारे वीस हजार चौरस फुटांचा स्पा घेऊन आली. २००८ च्या ‘सेलिब्रिटी सॉल्स्टिस’ने तर स्पाला जोडलेल्या केबिनचा वेगळा वर्गच विकायला काढला. २०१३ ला ‘नॉर्वेजियन ब्रेकअवे’वर मिठाची खोली आली. २०१५ च्या ‘वायकिंग स्टार’वर बर्फाची खोली होती, आणि वायकिंगने हा सगळा विभाग तिकिटातच धरला. बहुतेक कंपन्या अजून वेगळे पैसे घेतात.

या काळात जागा बदलली. गरम खोल्या तळातून निघून वरच्या डेकवर, अनेकदा थेट नाकाकडच्या टोकाला गेल्या, कारण काचेतून समुद्र दिसला की पास खपतो. डोलणं मात्र तिथेच सगळ्यात जास्त. तलावातलं पाणी एका लयीत हलू लागलं की ते काठावरून उसळतं आणि वर असलेलं ते सुटं वजन जहाजाच्या तोलालाही बाधतं. म्हणून वारा वाढला की तलाव रिकामा करून जाळी टाकतात. पास काढून दोन दिवस तलाव बंद मिळाल्याची तक्रार करण्याआधी एवढं लक्षात असावं.

आगीचा नियम हा दुसरा जाच, आणि तो रास्त आहे. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ मध्ये सोलास हा समुद्रसुरक्षेचा पहिला करार झाला; त्याच्या आजच्या रूपात सॉनासाठी वेगळी कलमं आहेत. बाहेरच्या भिंती अग्निरोधक. आत लाकडी अस्तर आणि बाक चालतात, पण भट्टीवरच्या छताला न जळणारा पत्रा आणि त्यामागे किमान ३० मिलिमीटर हवेची फट हवी. उघड्या लाकडापासून तापलेला भाग ५०० मिलिमीटर दूर. विजेच्या भट्टीला टायमर, आणि दार ढकलताच बाहेर उघडणारं. सॉना मधेच थंड पडला, तर तो बिघाड नसून टायमरही असू शकतो.

तिसरी गोष्ट जंतूंची. १९९४ मध्ये एका क्रूझ जहाजाच्या नऊ फेऱ्यांत पन्नास प्रवाशांना लीजनेअर्स हा न्यूमोनिया झाला. उगम व्हर्लपूल, म्हणजे फवाऱ्यांनी घुसळणारा गरम पाण्याचा छोटा तलाव, हा होता आणि जंतू त्याच्या वाळूच्या फिल्टरमध्येही सापडले. अमेरिकी आरोग्य खात्याच्या आजच्या नियमांत व्हर्लपूलमध्ये क्लोरीन लिटरला ३ ते १० मिलिग्रॅम आणि तापमान ४० अंशांपर्यंतच. डोक्याला तेल चोपडून किंवा क्रीम लावून पाण्यात उतरलं, की तेच क्लोरीन त्या तेलावर खर्ची पडतं आणि फिल्टर तुंबतो. साबणाने आंघोळ करूनच जायचं ते यासाठी.

वापरायचा क्रम जुनाच. आधी गरम फरशीच्या पलंगावर दहा-पंधरा मिनिटं, मग ८० ते ९० अंशांच्या सॉनात आठ ते दहा. पहिल्यांदा खालचाच बाक, कारण वरची हवा बरीच जास्त तापलेली असते. मंगळसूत्र, बांगड्या, कडं केबिनच्या तिजोरीत. सोनं तापून त्वचेला चटका देतं. बाहेर येऊन पाय आणि हात आधी, मग अंगावर गार पाणी. नंतर पंधरा मिनिटं पडून राहायचं, पाणी प्यायचं. असे दोन फेरे पुरे. पैसे वसूल करायला पलंगावर तासभर लोळणाऱ्याला उठताना रक्तदाब उतरून भोवळ येते आणि हलत्या ओल्या फरशीवर तो पडतो. मद्य घेऊन किंवा भरल्या पोटी जाऊ नये. जहाज लागलेल्याने वाफेच्या खोलीत शिरूच नये; तिथे क्षितिज दिसत नाही आणि मळमळ वाढते. गरोदर बायका आणि हृदयरोगी यांनी डॉक्टरांना आधी विचारावं. रक्तदाब चढा असेल तर एकदम बर्फात शिरणं टाळावं.

अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर स्त्री-पुरुष एकत्र आणि पोहण्याचे कपडे घालून बसतात. ‘आयडा’सारख्या जर्मन जहाजांच्या सॉनात कपडे न घालण्याची रीत आहे; सासूसासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी पाहिलेलं बरं.

मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ १९९० सालची बांधणी आहे, म्हणजे थर्मल सुईटची लाट येण्याआधीची. तो हवाच असेल तर बुकिंगआधी जहाजाचं साल आणि डेकचा नकाशा पाहावा. पास मोजकेच विकत असतील तर चढल्या दिवशीच घ्यावा. समुद्रातल्या दिवशी दुपारी पलंग मिळत नाहीत. बंदराच्या दिवशी सगळे सहलीला उतरले की खोल्या मोकळ्या असतात.