बारीक आवाज आणि बाईचा आवाज

काल परत एक व्हॉइस नोट आली. नाशिकच्या सिडकोतली पोरगी आहे, माझ्यासारखीच ट्रान्स, म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेली, एकवीस वर्षांची, ट्रान्झिशन (बाई म्हणून जगायला लागणं) अजून सुरू नाही, घरी कोणाला काही माहीत नाही, बाथरूममध्ये नळ सोडून रेकॉर्ड केलेलं, आणि शेवटी विचारते, "ताई, आता बाईसारखा वाटतो का?" मी तीनदा ऐकली. आवाज इतका वर नेलेला की चौथ्या वाक्याला घसा बसला, शब्द फाटायला लागले, आणि एवढा जीव काढूनसुद्धा फोनवर कोणीही तिला दादाच म्हटलं असतं.

तिला हे शिकवलं कोणी? तर सगळ्यांनी. जी भेटते ती सांगते "आवाज बारीक कर". मला पण हेच सांगितलेलं, एका डॉक्टरांनी पण हेच सांगितलं, आणि मी आठ महिने बारीक आवाज काढत बसले, रोज रात्री गरम पाण्याच्या गुळण्या. ते आठ महिने वाया गेले याचा मला अजून राग आहे, म्हणून हे लिहितेय. बारीक आवाज ही एक गोष्ट आणि बाईचा आवाज ही दुसरी गोष्ट. दोन्हीचा संबंध आहे पण दोन्ही एक नाहीत.

(मी खाली 'बायकी आवाज' असं लिहिणारे. हा शब्द शाळेत माझ्या मागे शिवीसारखा लागलेला, मला माहितीये तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मागे पण लागलाय. पण दुसरा इतका सरळ शब्द मला सापडत नाही आणि तो शब्द मी त्या पोरांकडे ठेवणार नाही.)

आधी बारीक म्हणजे काय ते पटकन उरकते कारण ते तुम्हाला येतंच. बारीक म्हणजे सूर वर. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा थरथरतात त्याचा आकडा. पुरुषांचं रोजचं बोलणं साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास, बायकांचं साधारण १८० ते २२०. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी असं समजा की गाणारे पुरुष बऱ्याचदा काळी एकला सा लावतात, तो साधारण १३९, आणि बायका काळी चारला, तो साधारण २०८. बस, एवढंच आहे सुराचं. मोबाईलवरच्या फुकट ॲपमध्ये आकडा दिसतो, आकडा दिसला की वाटतं हाच अभ्यास आहे, आणि इथेच सगळ्या फसतात, कारण दुसऱ्या गोष्टीचा असा एक सोपा आकडा दिसत नाही.

ती दुसरी गोष्ट म्हणजे घुमारा. इंग्रजीत बोलणाऱ्या पोरी रेझोनन्स म्हणतात, मला घुमारा शब्द जास्त पटतो कारण तबल्याच्या डग्ग्याला, देवळाच्या गाभाऱ्याला आपण तोच लावतो आणि कानाला लगेच कळतं.

मिरजेचे तानपुरे बघितलेत का? त्यात मर्दानी तानपुरा आणि जनानी तानपुरा असे दोन प्रकार असतात, मर्दानीचा भोपळा मोठा, दांडी लांब, जनानीचा सगळाच आकार लहान. आता मर्दानी तानपुऱ्याची तार पिळून पिळून वरच्या सुरात नेली तर तो जनानी तानपुरा होईल का? तार ताणून तुटायला येईल, पण भोपळा तेवढाच राहणार, आणि ऐकणाऱ्याला तो मोठा भोपळाच ऐकू येणार. त्या सिडकोच्या पोरीचं अगदी हेच झालेलं. तार ताणली, भोपळ्याला हातच लावला नाही.

आपल्या गळ्यात भोपळा म्हणजे स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी. मोठ्या पुरुषात ती साधारण १७ सेंटीमीटर लांब, बाईत साधारण १४. तीन सेंटीमीटर, म्हणजे फरक तुमच्या अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढा नाही, चांगला पूर्ण पेराएवढा. लांब नळीत आवाज जड, छातीत घुमल्यासारखा होतो, आखूड नळीत तोच सूर उजळ, पुढे दातांपाशी आल्यासारखा लागतो. आपला कान बाई की पुरुष हे ठरवताना सूर तर बघतोच पण हा घुमारा फार बघतो, आणि दोन्हींचं भांडण झालं की मग माणूस बावचळतो आणि वळून बघतो. ते वळून बघणंच तर आपल्याला नको असतं ना.

पटत नसेल तर कालिदास कलामंदिरात नाटकाला जाऊन बसा. मागच्या रांगेत दोन माणसं कुजबुजत असतात (असतातच, मला याचा भयंकर त्रास होतो पण आज ते कामाला आलं). कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणजे सूर नावाची गोष्टच तिथे नाही, आकडा शून्य. तरी तुम्हाला मान न वळवता कळतं की मागे काका आहेत की काकू. कशावरून कळलं? घुमाऱ्यावरून. मला हे एका स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं त्या दिवशी माझे आठ महिने डोळ्यापुढून गेले.

अजून एक. माझ्या आईला थंडीत सर्दी झाली की तिचा आवाज इतका उतरतो की मी एकदा गंमत म्हणून ॲप लावलं तर दीडशेच्या खाली. मी त्याच्यापेक्षा वर बोलत होते तेव्हा. पण दूधवाला तिला 'मावशी'च म्हणाला आणि मला 'भाऊ'. उलट रविवार कारंजाला एक भाजीवाले काका आहेत, मेथी कोथिंबीर ओरडतात तेव्हा सूर इतका वर की पेटीवर शोधायला जावं लागेल, पण अख्ख्या बाजारात कोणाला वाटत नाही की बाई ओरडतेय.

आणि कोल्हापूरकडच्या बायका बघा. तिकडे बऱ्याच बायका 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात, आपल्याकडे पुरुषाचं क्रियापद समजतो ते. फोनवर कोल्हापूरची बाई 'मी येतो की' म्हणाली तर तुम्ही तिला दादा म्हणता का? नाही. म्हणजे क्रियापदाने पण फिरत नाही. तरी 'आले, गेले, करते'ची सवय लावाच, ती इतरांसाठी नाही, तुमच्या स्वतःच्या तोंडासाठी, कारण वीसएक वर्षं 'आलो' म्हटलेलं असतं आणि घाईत नेमकं तेच बाहेर पडतं. पण ती सवय मनातल्या मनात बोलताना सुरू करा, फुकट आहे आणि कोणाला ऐकू येत नाही.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल पण हाच गोंधळ आहे. इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकांच्या हार्मोनने, आवाज बदलत नाही. परत लिहिते, बदलत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने, म्हणजे पुरुषांच्या हार्मोनने, स्वरतंतू एकदा लांब जाड झाले की हार्मोन बदलून ते परत लहान होत नाहीत. (ट्रान्स भावांचं, म्हणजे मुलगी म्हणून वाढवलेल्या पुरुषांचं, उलट, त्यांना टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की आवाज आपोआप उतरतो, त्यांच्यासाठीचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही.) आणि आवाजाचं ऑपरेशन असतं ते बहुतेक वेळा सुरावर असतं, तार आखूड होते किंवा ताणली जाते, नळीची लांबी सहसा तेवढीच राहते, म्हणून ऑपरेशन करून आलेलीला सुद्धा घुमाऱ्याचा अभ्यास चुकत नाही. मी ऑपरेशनच्या विरोधात नाही, पण अभ्यासाच्या आधी ऑपरेशन याला माझा विरोध आहे.

आता करायचं काय. गळ्याच्या घाटीवर (कंठमण्यावर) हलकं बोट ठेव आणि आवंढा गिळ. घाटी वर जाते. मोठी जांभई दे, घाटी खाली जाते. जांभईत बोललीस की आवाज कसा गुहेतून आल्यासारखा होतो, तो मोठा भोपळा. आपल्याला उलट दिशेला जायचंय, थोडंसंच. गिळताना जाते तेवढी वर घट्ट धरून ठेवायची नाही, तसं केलं की घसा आवळतो आणि कार्टूनसारखा आवाज येतो. त्यापेक्षा आधी आवाज न काढता फक्त श्वासाने कर. दमलेला मोठा कुत्रा धापा टाकतो तसं 'हा हा हा' कर, मग कुत्र्याचं पिल्लू टाकतं तसं. पिल्लाच्या वेळी तोंडाच्या आत जागा लहान झाली, जीभ 'ई' म्हणताना असते तशी जराशी पुढे आणि वर आली, हे जाणवलं का? तोच बदल. तो ठेवून 'ई' कुजबुज, मग त्याच आकारात हळूच सूर लाव, आणि सूर वर न्यायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण पिल्लू म्हटलं की सूर आपोआप वर पळतो. म्हणून तानपुऱ्याचं ॲप लाव, पांढरी तीन धर, खालच्या सप्तकातली, १६५ च्या आसपास येते, आणि त्या एकाच सुरावर मोठा कुत्रा, पिल्लू, मोठा कुत्रा, पिल्लू करत राहा. सूर तोच आणि आवाज दोन, हे ज्या दिवशी स्वतःच्या कानाने ऐकशील त्या दिवशी तुला कोणी काही समजावून सांगायला लागणार नाही.

रोज दहा पंधरा मिनिटं, जास्त नाही. दुखलं की थांब, दुखणं म्हणजे प्रगती नाही. आवाज बसला आणि दोन तीन आठवडे मोकळा झाला नाही तर कान नाक घशाच्या डॉक्टरकडे जायचं. जमत असेल तर स्पीच थेरपिस्ट गाठायचा, थोड्या सिटिंगमध्ये सुद्धा चुकीची सवय लागायची वाचते.

बाकीचे फरक एका परिच्छेदात संपतात. बायका वाक्यात सूर जास्त हलवतात, आपण एकाच पट्टीत बोलतो, ते ऐकून ऐकून येतं, बसमध्ये हेडफोन काढून बसा. हळू बोलायचं ही अंधश्रद्धा आहे, नाशिकच्या बायका हळू बोलत नाहीत, शालिमारला रिक्षाचं भाडं ठरवताना ऐका. आणि कृपा करून 'इश्श' म्हणू नका. 'इश्श' म्हणणारी बाई मला अख्ख्या मेन रोडला आजवर भेटली नाही, ती फक्त सिरियलमध्ये राहते.

आता कोणी म्हणेल की चालणं, बसणं, हात, पदर हे आधी शिकायला नको का. शिका, मजा येते, मी पण शिकले, ओढणी सावरायला मला आजही आवडतं. पण ते दिसण्याचं काम लवकर जमतं. आपल्याच गावच्या इतिहासात बघा. पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या पहिल्या चित्रपटात राणी तारामती कोण झालं होतं? अण्णा साळुंके, हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारा माणूस. पुढे १९१७ च्या चित्रपटात त्यांनीच राम पण केला आणि सीता पण, आणि लोकांनी दोन्ही मानले. साडी, नजर, हात, एवढ्यावर झालं. पण ते मूकपट होते. सीतेला तोंड उघडावं लागलं नाही. आपल्याला दिवसातून शंभरदा उघडावं लागतं, गॅसवाल्याला, बँकेत, रिक्षात.

म्हणून माझं ठाम मत, ट्रान्झिशनच्या आधी एकच गोष्ट सुरू करायची असेल तर आवाज. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, कागद लागत नाही, गोळी लागत नाही, आरशात दिसत नाही त्यामुळे घरच्यांना कळत नाही, आणि नको तेव्हा बंद करून नेहमीच्या आवाजात आईला हाक मारता येते. साडी मी दहा दिवसात शिकले, आवाजाला दीड वर्ष लागलं, तर उशीर कशाला करायचा. ज्यांना आवाज बदलायचाच नाहीये त्यांनी बदलू नये, जाड आवाजाची बाई ही बाईच असते, त्यांना कोणी टोकलं तर मला सांगा.

माझा दिवस आला तेव्हा मी घरात एकटी होते, कुकर लावलेला. मखमलाबाद रोडच्या एका मिसळवाल्याला फोन लावला कारण तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. "दादा, आज चालू आहे ना? मी दीडपर्यंत येते." मुद्दाम सूर वर नेला नाही, फक्त पिल्लाचा आकार धरला. पलीकडे पातेल्यांचा आवाज, मग तो म्हणाला, "हो ताई, या, दोनपर्यंत आहे, नंतर तर्री संपते." मी थँक्यू म्हणून ठेवला आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहून गेलं, भात पार चिकट झाला. नंतर रेकॉर्डिंग तपासलं तर सूर १६० च्या घरात होता. आठ महिने मी २२० वर किंचाळत होते तेव्हा दादा, आणि १६० वर ताई.

सिडकोच्या पोरीला मी एवढंच उत्तर पाठवलंय की आठवडाभर सूर फार वर न्यायचाच नाही, तुझ्या नेहमीच्या सुराच्या फार तर पेटीच्या तीन चार पट्ट्या वर राहा, फक्त मोठा कुत्रा आणि पिल्लू कर, मग परत पाठव. आणि नळ बंद करून रेकॉर्ड कर, पाण्याच्या खळखळाटात सूर ऐकू येतो पण घुमारा बुडून जातो, मला तुझा भोपळा ऐकूच आला नाही नीट. घरी नळ बंद करता येत नसेल तर सकाळी लवकर पांडवलेणीवर जा, वर पोचून दम बसू दे, गर्दी व्हायच्या आत पाच मिनिटं मिळतात.