चार गुण की दोन? कुस्तीतला वाद आणि हरलेल्या मल्लाचे मन

जानेवारी 2023. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची धामधूम आणि तिकडे पुण्यात महाराष्ट्र केसरी या राज्यातल्या मानाच्या कुस्ती स्पर्धेच्या माती विभागात मोहोळ विरुद्ध मंगळवेढा. दोन्ही मल्ल आपल्याच जिल्ह्याचे. मंगळवेढ्याच्या मल्लाने टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि मोहोळचा मल्ल हरला.

नियम असा: उभ्या कुस्तीत डाव मारून प्रतिस्पर्ध्याची पाठ थेट जमिनीकडे, म्हणजे धोक्याच्या स्थितीत नेली तर चार गुण, नुसते खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन. धोक्याची स्थिती झालीच नव्हती, असे एका बाजूचे म्हणणे. झाली होती, असे दुसऱ्या बाजूचे. चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली गेली, पंचाला फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पण दोघा मल्लांच्या मनाचे काय झाले असेल, हे त्या गदारोळात क्वचितच कुणी विचारले. जिंकलेला मल्ल पुढे त्याच स्पर्धेची अंतिम कुस्ती हरला. हरलेल्याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली.

जत्रेच्या फडात निकाली कुस्ती लागायची तेव्हा हार अंगाला कळायची. पाठ मातीला लागली, हलगी थांबली, विषय संपला. वस्ताद दोन शब्द सुनवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर-बैठका. आता मातीवरही घड्याळ आणि गुण आले. पाठ न लागताही माणूस हरतो. अशी हार मनात वर्षानुवर्षे मिटत नाही, कारण ती आपली की पंचाची, हेच ठरत नाही. माझ्या मते आजच्या मल्लावरचे सगळ्यात मोठे ओझे हेच आहे, आणि ते पेलायला त्याला कुणी शिकवत नाही.

खेळाडूच्या मनाचा अभ्यास तसा जुना. सायकलस्वार शर्यतीत, सोबतीला कुणी असताना, जास्त वेगाने का जातात, यावर 1898 मध्येच अमेरिकेत लिहिले गेले. 1925 मध्ये तिथल्या इलिनॉय विद्यापीठात स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. 1932 मध्ये ती बंदही झाली. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकची दृश्ये तपासून 1995 मध्ये मांडलेला निष्कर्ष मात्र आपल्या तालमीत सांगण्यासारखा आहे: रौप्यवाल्यापेक्षा कांस्यवाला जास्त आनंदी दिसतो. उपमहाराष्ट्र केसरीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

स्पर्धा संपल्यानंतरचे दुखणे आणखी निराळे. 2008 च्या बीजिंगमधल्या आपल्या सुवर्णविजेत्या नेमबाजाने पदकानंतर आलेल्या पोकळीबद्दल पुढे मोकळेपणाने सांगितले. सुवर्ण मिळवणाऱ्याची ही कथा, तर तालुक्याच्या मल्लाची काय असेल? दूध, तूप, बदामाचा खुराक बंद होतो, वजन वाढत जाते, मैदानाची आमंत्रणे थांबतात, पण गाव 'पैलवान' म्हणूनच हाक मारते. 'नंतर'साठी राज्याने ठोस असे केले ते म्हणजे 2005 मध्ये सरकारी नोकरीतले 5 टक्के खेळाडू आरक्षण. 2016 मध्ये त्याचे निकष बदलले, पुढे बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे निघाली. नोकरीने घर चालते, हे खरेच. मनाची घडी बसवायला ती पुरत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत हे सगळे उफाळून आले. गादी विभागातल्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीतल्या निर्णयाने चिडलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत, काही सेकंद उरली असताना, आपल्या त्याच मंगळवेढ्याच्या मल्लाने गुणावरून वाद घालून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. पण मल्लाच्या ऐन उमेदीची वर्षे किती असतात, हे तालमीत वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यातली तीन काढून घेताना त्या काळात त्याच्याशी बोलायला कुणी असेल का, हेही तेव्हाच ठरवायला हवे होते.