पार्श्वभूमी : अंगणात कमावलेलं कातडं

मराठीत कातडं 'कमावतात'. पहिलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, तसंच. कित्येक दिवसांची मेहनत त्या एका शब्दात आहे, आणि पुण्याच्या परिसरात ती पिढ्यान्‌पिढ्या घराच्या अंगणात होत आली. हे काम मुख्यतः ढोर समाजाचं. बाराव्या शतकातले शरण (बसवेश्वरांचे अनुयायी) कक्कय्या हे त्यांचे संत. ढोरांनी कमावलेल्या चामड्याचे जोडे चांभार शिवायचे.

ताजं कातडं उन्हाळ्यात काही तासांतच सडू लागतं, म्हणून आधी मीठ चोळायचं. मीठ कातड्यातलं पाणी ओढून घेतं आणि कुजणं लांबतं. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवलं की केस मुळापासून सुटतात. आतलं मांस खरवडायचं, चुना धुऊन काढायचा. खरी कमाई त्यानंतरची : बाभळीची किंवा तरवडाची साल आणि हिरडा कुटून केलेल्या पाण्यात कातडं मुरवायचं. सालीतलं तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून बसतं आणि मग ते सहजी कुजत नाही. मोठं कातडं पिशवीसारखं शिवून टांगत, त्यात सालीचं पाणी भरत. झिरपलेलं पाणी पुन्हा आत ओतत. बाभूळ आणि तरवड कोरड्या माळावर मिळे, हिरडा भीमाशंकरच्या डोंगरात. तिथले आदिवासी आजही तो गोळा करतात. तुरटी आणि मिठाची सोपी रीतही आहे, पण ते कातडं भिजलं की तुरटी निघून जाते. मला ती अर्धीच कमाई वाटते.

या कामाला पाणी फार लागतं, आणि नेमकं पाणीच या माणसांना नाकारलेलं होतं. गावची विहीर ज्या मोटेने उपसायची ती मोट त्यांच्या हातच्या चामड्याची. मोट विहिरीत उतरायची, ते चामडं कमावणाऱ्याला मात्र विहिरीवर चढता येत नसे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच काळात. कातडं कमावण्याचा इतिहास सांगताना साल-चुन्यावर थांबणं मला अप्रामाणिक वाटतं.

पुढे या धंद्याबद्दल दोन वाटा सांगितल्या गेल्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढणं सोडा असं आवाहन केलं. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडीत मृत जनावरांच्याच कातड्यांचं चर्मालय उभं राहिलं. त्यामागे काम तेच ठेवून त्याला प्रतिष्ठा देण्याचा विचार होता. ज्यांच्यावर ते लादलं होतं त्यांच्या मुलांनी शाळेची वाट धरली, यात मला काहीच गमावल्यासारखं वाटत नाही.

धंद्याला उतरती कळा लावणारी कारणं आणखीही होती. ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमियम क्षारांनी चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं. कित्येक आठवड्यांचं काम थोड्या दिवसांवर आलं आणि अंगणातून कारखान्यात गेलं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. डिझेलचा पंप विहिरीवर आला तशी मोट माळ्यावर गेली, आणि खेड्यातल्या जाड चामड्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकच संपलं.

गणपतीआधी पुण्यात ढोलाची पानं चढवताना कातड्याशी आजही गाठ पडते, जरी बऱ्याच ढोलांवर आता फायबर असलं तरी. ते कातडं मात्र कमावलेलं नसतं. कमावलेलं मऊ पडतं, नाद देत नाही. म्हणून केस काढून, ताणून वाळवलेलं कच्चं कातडंच लागतं. तबल्याच्या पुडीचंही तसंच.

आता कुणी हौसेने घरी शिकायला बसलं, तर खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं कातडं बरं. वन्य प्राण्याच्या कातड्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हात लावायचा नाही, आणि चुन्याचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही.