फॅनी क्रॉस्बी

क्रॉस्बी, फॅनी (२४ मार्च १८२० – १२ फेब्रुवारी १९१५) : अमेरिकन कवयित्री आणि इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीतांची रचनाकार. पूर्ण नाव फ्रान्सिस जेन क्रॉस्बी. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या बाईंनी आठ हजारांहून अधिक गीते रचली. 'ब्लेसेड अ‍ॅशुरन्स', 'पास मी नॉट', 'सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस', 'टू गॉड बी द ग्लोरी' ही त्यांतली काही जगभरच्या प्रार्थनामंदिरांत आजही म्हटली जातात. गाणाऱ्यांना कवयित्रीचे नाव बहुधा ठाऊक नसते, गीत मात्र तोंडपाठ असते.

बालपण आणि पाठांतर

न्यूयॉर्क राज्यातील पटनम परगण्यात, ब्रूस्टर येथे फॅनीचा जन्म झाला. ती दीड महिन्याची असताना तिला सर्दी झाली आणि डोळे आले. नेहमीचे डॉक्टर गावात नव्हते. डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या एका माणसाने डोळ्यांवर मोहरीचे गरम पोटीस बांधले आणि त्यानेच दृष्टी गेली, असे घरचे सांगत. दोष जन्मतःच असावा, असे अलीकडच्या काही डॉक्टरांचे मत आहे. पुढे आयुष्यभर फॅनीने त्या माणसाबद्दल कडवट शब्द काढला नाही.

ती सहा महिन्यांची असताना वडील वारले. आई मर्सी ऐन एकविशीत विधवा झाली आणि दुसऱ्यांच्या घरी कामाला जाऊ लागली. पाच वर्षांच्या फॅनीला न्यूयॉर्कला नेऊन डॉ. व्हॅलेंटाइन मॉट या नामांकित शल्यचिकित्सकांना दाखवले, पण उपाय नव्हता. मुलीला वाढवले आजीने. युनिस क्रॉस्बी नातीला रानात नेई, फुले हातात देऊन पाकळ्या चाचपायला लावी, पाखरे आवाजावरून ओळखायला शिकवी आणि मावळतीचे रंग शब्दांत सांगे. फॅनीच्या काव्याची पहिली शाळा हीच.

दुसरी शाळा पाठांतराची. कनेक्टिकटमधील रिजफील्ड येथे राहत असताना हॉली नावाच्या बाई तिच्याकडून बायबल पाठ करून घेत. दर आठवड्याला पाच अध्याय असा नेम होता. पंधराव्या वर्षापर्यंत चारही शुभवर्तमाने, मोशेचे पंचग्रंथ, नीतिसूत्रे, गीतरत्न आणि स्तोत्रसंहितेचा बराच भाग तिला मुखोद्गत झाला होता. ही पुंजी तिला जन्मभर पुरली. 'ही हायडेथ माय सोल' (१८९०) या गीतात खडकाच्या कपारीत ठेवून आपल्या हाताने झाकणारा देव येतो, तो बायबलमधील 'निर्गम' या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायातून. 'सेव्ड बाय ग्रेस' (१८९१) मधली तुटणारी रुपेरी दोरी 'उपदेशक' या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातली आहे. पोथी उघडून संदर्भ शोधणे त्यांना शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. वचन आधीच जिभेवर असे, चाल कानी पडली की ते तिच्यात जाऊन बसे.

अंधशाळा

१८३५ मध्ये फॅनी न्यूयॉर्कच्या अंधशाळेत दाखल झाली. तिथे आधी विद्यार्थिनी आणि मग १८५८ पर्यंत शिक्षिका म्हणून तिची तेवीस वर्षे गेली. व्याकरण, वक्तृत्वशास्त्र आणि इतिहास हे तिचे विषय होते. पियानो, ऑर्गन, हार्प आणि गिटार ती वाजवी, शिवाय गळाही चांगला होता. कवितेचे कौतुक डोक्यात जाऊ नये म्हणून शाळेच्या अधीक्षकांनी एकदा तिला तीन महिने कविता रचायला बंदी केली होती. पुढे शाळेला भेट देणाऱ्या एका स्कॉटिश पाहुण्याने ही मुलगी कवयित्री आहे, तिला उत्तेजन द्या, असे सांगितले आणि वारे फिरले. हे पाहुणे म्हणजे मस्तकावरून स्वभाव सांगणारे जॉर्ज कोंब. त्यांचे शास्त्र खोटे ठरले असले, तरी हे निदान बरोबर निघाले.

शाळेच्या मुलांसोबत क्रॉस्बी वॉशिंग्टनला गेल्या आणि १८४४ च्या जानेवारीत काँग्रेसच्या सदस्यांपुढे त्यांनी आपल्या कविता म्हटल्या. अंधांच्या शिक्षणाला सरकारने पाठबळ द्यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी 'द ब्लाइंड गर्ल अँड अदर पोएम्स' हा पहिला संग्रह निघाला, १८५१ मध्ये 'माँटेरी' आणि १८५८ मध्ये 'अ रीथ ऑफ कोलंबियाज फ्लॉवर्स' आला. या कविता त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अलंकारांनी जडावलेल्या आहेत आणि आज त्या वाचवत नाहीत. १८४९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पटकीची साथ पसरली तेव्हा क्रॉस्बी शाळेतच राहून आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. त्या दिवसांत पाहिलेल्या मृत्यूंनी त्यांना आतून हलवले. १८५० च्या नोव्हेंबरमध्ये मेथडिस्ट पंथाच्या एका जागृतिसभेत आयझॅक वॉट्स यांचे जुने गीत चालू असताना आपल्याला खऱ्या अर्थाने श्रद्धा लाभली, असे त्या सांगत.

याच शाळेत १८५३-५४ च्या सुमारास सतरा वर्षांचा एक कारकून त्यांच्या कविता उतरवून घेई. हे ग्रोव्हर क्लीव्हलंड, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. दोघांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

शाळेतले संगीतशिक्षक जॉर्ज रूट यांच्या चालींवर क्रॉस्बी यांनी लौकिक गाणीही लिहिली. त्यांतले 'रोझली, द प्रेअरी फ्लॉवर' अतिशय लोकप्रिय झाले आणि रूट यांना त्याचे सुमारे ३००० डॉलर मिळाले. शब्दांचे मोल तेव्हा गाण्यामागे एकदोन डॉलर असे. हा हिशेब पुढेही बदलला नाही.

१८५८ मध्ये अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाइन या अंध ऑर्गनवादकाशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे एकुलते एक मूल तान्हेपणीच गेले. त्याविषयी क्रॉस्बी फारसे बोलल्या नाहीत.

आधी चाल, मग शब्द

१८६४ च्या फेब्रुवारीत संगीतकार विल्यम ब्रॅडबरी यांच्याशी गाठ पडली, तेव्हा क्रॉस्बी चव्वेचाळीस वर्षांच्या होत आल्या होत्या. रविवारच्या शाळांसाठी आणि प्रार्थनासभांसाठी सोप्या, ध्रुपदाच्या गीतांची छोटी पुस्तके तेव्हा झपाट्याने खपत होती. ब्रॅडबरींना चाली सुचत, शब्द लिहिणारे मिळत नसत. १८६८ मध्ये ते वारले आणि त्यांची संस्था 'बिगलो अँड मेन' या नावाने चालू राहिली. आठवड्याला तीन गीते द्यायची, असा करार होता. या एका प्रकाशकाने त्यांच्याकडून जवळजवळ ६००० गीते विकत घेतली आणि त्यांतली निम्म्याहून कितीतरी कमी छापली. एकाच पुस्तकात पानोपानी एकच नाव दिसू नये म्हणून टोपणनावे आली : ग्रेस जे. फ्रान्सिस, एला डेल, ज्यूलिया स्टर्लिंग... ही यादी दोनशेच्या घरात जाते.

रचना सगळी मनात होई. एका वेळी अनेक गीते डोक्यात तयार असत आणि लिहून घेणारे कोणी भेटले की त्या एकामागून एक सांगत. बरेचदा चाल आधी येई. सिनसिनाटीचे विल्यम हॉवर्ड डोन हे लाकूडकामाची यंत्रे बनवणारे कारखानदार होते आणि हौसेने संगीत रचत. १८६८ मध्ये ते एकदा घाईघाईने दारात आले. गाडीला चाळीस मिनिटे उरली होती आणि एक चाल सुचली होती. त्यांनी ती वाजवून दाखवली. ही चाल तर 'सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस' (येशूच्या बाहूंत सुखरूप) असे म्हणते आहे, असे क्रॉस्बी उद्गारल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासात गीत डोन यांच्या हाती होते. पहिल्या कडव्याच्या पहिल्या चार ओळी हेच त्याचे ध्रुपद आहे, त्यामुळे एकदा ऐकणाऱ्यालाही ते लगेच साथीने म्हणता येते. तान्ही मुले गमावलेल्या आयांना या गीताने फार आधार दिला. १८८५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट यांच्या अंत्ययात्रेतही ते वाजवले गेले.

'ब्लेसेड अ‍ॅशुरन्स' (धन्य ती खात्री, १८७३) याची जन्मकथाही अशीच आहे. मैत्रीण फीबी नॅप यांनी पियानोवर नवी चाल वाजवली आणि ही काय म्हणते, असे विचारले. उत्तरादाखल पहिली ओळच मिळाली. चाल नऊ मात्रांच्या झुलत्या ठेक्यात आहे. त्या ठेक्यावर पहिल्याच शब्दाचे लांबट स्वर नेमके टेकतात. 'ही माझी कथा, हे माझे गीत' अशा अर्थाचे ध्रुपद लगेच दुसऱ्यांदा येते, म्हणजे ज्याच्या हाती पुस्तक नाही त्यालाही दुसऱ्या खेपेला सामील होता येते. कान हेच ज्यांचे पुस्तक त्यांची ही कारागिरी आहे.

या गीतांत दृष्टीचे शब्द पुष्कळ आहेत. 'सेव्ड बाय ग्रेस'चे ध्रुपद तर प्रभूला समोरासमोर पाहण्याविषयीच आहे. स्वर्गात डोळे उघडतील तेव्हा पहिला चेहरा तारणाऱ्याचाच दिसेल, म्हणून दृष्टी नसल्याची खंत नाही, असे क्रॉस्बी म्हणत. अभ्यासक याच ओळींवर थांबतात. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यांची खरी ताकद कानाच्या आणि स्पर्शाच्या शब्दांत वाटते. बाहू, हात, जवळ ओढणे, झाकून घेणे, पावलांचा आवाज, हाक हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'पास मी नॉट' (मला ओलांडून जाऊ नको, १८६८) या गीतामागे तुरुंगातल्या एका सभेची आठवण सांगतात. प्रार्थना चालू असताना एक कैदी 'प्रभू, मला टाळून जाऊ नको' असे ओरडला होता. पण हे गीत ऐकताना शुभवर्तमानातला, यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय आठवल्याशिवाय राहत नाही. त्याला गर्दी दिसत नाही. येशू जवळून जातो आहे, एवढेच कळते, म्हणून तो जीव खाऊन हाक मारतो. कोणी जवळून निघून गेले तर आपल्याला कळणारही नाही, ही धास्ती अंध माणसाच्या रोजच्या जगण्यातली आहे. ध्रुपदात 'तारणाऱ्या' ही हाक लागोपाठ दोनदा येते. दुसऱ्या हाकेवर भरल्या मंडळीचाही आवाज कापतो.

मिशनांतील काम

उतारवयात क्रॉस्बी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत भाड्याच्या खोल्यांत राहिल्या. बावरी आणि वॉटर स्ट्रीट भागातल्या मिशनांत दारुडे, बेघर आणि तुरुंगातून सुटलेले लोक येत. क्रॉस्बी तिथे जात, बोलत आणि लोकांच्या शेजारी बसत. त्यांच्या मते आपले खरे काम ते होते. 'रेस्क्यू द पेरिशिंग' (बुडत्याला वाचवा, १८६९) हे गीत अशाच एका उकाड्याच्या रात्री, सभेत एक तरुण पुढे आल्यावर घरी जाऊन रचले, असे त्यांनी सांगितले आहे. हातात पैसा टिकत नसे, कारण त्या तो वाटून टाकत.

प्रसार आणि मूल्यमापन

धर्मप्रचारक ड्वाइट मूडी यांच्या सभांतून त्यांचे गायक सहकारी आयरा सँकी यांनी ही गीते अमेरिका आणि ब्रिटनभर गाऊन पोचवली. सँकी यांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली, तेव्हा क्रॉस्बी त्यांना भेटायला जात. 'टू गॉड बी द ग्लोरी' (देवाचे गौरव असो, १८७५) याचा प्रवास तर उलटाच झाला. अमेरिकेत ते जवळजवळ विसरले गेले, ब्रिटनमध्ये रुजले. १९५४ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या लंडनमधील सभांत ते गायले गेले आणि तिथून मायदेशी परतले.

समकालीन विद्वान प्रसन्न नव्हते. जॉन ज्यूलियन यांच्या १८९२ च्या स्तोत्रकोशात ही गीते बहुतांशी दुबळी ठरवली आहेत आणि साधेपणा व कळकळ एवढेच त्यांचे गुण मानले आहेत. हजारो गीतांतली बहुसंख्य एकाच साच्यातली आहेत, यमके ठरलेली आहेत आणि भावना कधी कधी गोडमिट्ट होते, हे खरेच आहे. आठवड्याला तीन गीते म्हटल्यावर दुसरे काय होणार? मात्र ही गीते कागदावर जोखणे अन्यायाचे आहे. ती मनात रचली गेली, तोंडाने सांगितली गेली आणि अक्षरओळख नसलेल्यांनीही गावी म्हणून बांधली गेली. त्यांची परीक्षा गाण्यातच व्हायला हवी.

अशा पाश्चात्त्य चालीच्या गीतांची परंपरा अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांबरोबर महाराष्ट्रातही आली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात भाषांतरित गीते आणि ना. वा. टिळकांची भजने शेजारी शेजारी आहेत. परक्या चालीत मराठी शब्द बसवताना ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होते, हे गाणाऱ्याला जिभेवर जाणवते. टिळकांच्या भजनांत ती होत नाही. चाल आणि शब्द एकाच कानातून आले की काय घडते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

अखेर

१९०० मध्ये क्रॉस्बी कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे नातेवाइकांकडे राहायला गेल्या. १९०२ मध्ये पती वारले. 'मेमरीज ऑफ एटी इयर्स' हे आत्मचरित्र १९०६ मध्ये आले. पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला सहा आठवडे उरले असताना ब्रिजपोर्टमध्येच त्यांचे निधन झाले. माउंटन ग्रोव्ह दफनभूमीत त्यांच्या नावाचा अगदी लहान दगड बसवण्यात आला. त्यावर 'आंट फॅनी' असे नाव आहे आणि मार्कच्या शुभवर्तमानातले वचन : 'तिला जे करता आले ते तिने केले.' १९५५ मध्ये चाहत्यांनी शेजारी मोठा संगमरवरी दगड उभारला आणि त्यावर 'ब्लेसेड अ‍ॅशुरन्स'चे पहिले कडवे कोरले. लहान दगडही जागेवरच आहे.