चामखीळ कोणी घालवली?

गेल्या महिन्यात एरंडवण्यात एका बारशाला गेलो होतो, तेव्हा माझ्या आतेबहिणीने तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. वर्षभरापूर्वी त्याच बोटांवर सात-आठ चामखिळी होत्या आणि त्या मी स्वतः पाहिल्या होत्या. आता तिथे साधा व्रणही नव्हता. ‘दादा, थुजा थर्टी, पाच महिने,’ ती म्हणाली, ‘आणि हा मनाचा खेळ आहे असं मला सांगू नकोस. गोळ्या कशाच्या आहेत हे हिला माहीतसुद्धा नव्हतं.’

तिचे म्हणणे मी गांभीर्याने घेतो, कारण तिचे निरीक्षण खरे आहे. चामखिळी होत्या, थुजा हे होमिओपॅथीचे औषध दिले, चामखिळी गेल्या. या तिन्ही गोष्टींबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांना जोडणाऱ्या ‘म्हणून’ या एका शब्दाबद्दल. आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात तो याच शब्दाविषयी आहे: कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढे डोळ्यांना दिसते, कावळ्यामुळे मोडली हे आपण मनाने जोडतो. मग फांदी खरोखर कशामुळे मोडली, हे शोधायचे तर आधी कावळ्याचे वजन पाहिले पाहिजे आणि नंतर फांदीची अवस्था.

कावळ्याचे वजन पुणेकरांना धरणांच्या हिशेबात चटकन कळेल. होमिओपॅथीचे औषध करताना मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग पाणी-मद्यार्कात मिसळून, ठरावीक झटके देऊन हलवला की पहिली पायरी होते. त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत मिसळला की दुसरी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी आहे. ती काठोकाठ भरलेली असताना त्या सगळ्या पाण्यात अर्काचा एक थेंब एकजीव केला, तर आपण आठव्या पायरीच्या थोडेच पुढे पोहोचतो. पृथ्वीवरचे सगळे महासागर घेतले तरी बारावी ओलांडते, तेरावी गाठता येत नाही. थुजा ३० हे तिसाव्या पायरीचे औषध आहे, म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या पट विरल. आणि कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये (हे रसायनशास्त्रातले पदार्थ मोजण्याचे एकक) रेणू असतात ते ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतकेच. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू हरवलेला असतो आणि पुढच्या अठरा पायऱ्यांत पाणी पाण्यात मिसळले जाते.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये आपला सिद्धान्त मांडला तेव्हा हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता, कारण रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज योहान लोश्मिट यांनी १८६५ मध्ये केला. शिवाय ज्या काळात वैद्य रोग्याचे रक्त वाहू देत आणि पाऱ्याची औषधे पोटात घालत, त्या काळात काहीच अपाय न करणारा उपचार रोग्याच्या पथ्यावर पडत असणार. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१० मध्ये धातूंपासून केलेल्या औषधांत २०० व्या पायरीलाही धातूचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचे प्रसिद्ध केले, त्याचा दाखला अलीकडे फार दिला जातो. त्या निष्कर्षात सहाव्या पायरीपासून २०० व्या पायरीपर्यंत कणांचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले, हे मात्र सांगितले जात नाही. विरलता वाढवली की औषधाची शक्ती वाढते, या होमिओपॅथीच्या तत्त्वाला ते आधार देत नाही. आणि कण सापडणे व त्या कणांनी रोग बरा होणे, यांत बराच मोठा रस्ता आहे. (चामखिळीवर बाहेरून लावतात ते थुजाचे मूळ टिंक्चर ही वेगळी गोष्ट आहे, त्यात वनस्पतीचे रेणू भरपूर असतात आणि त्याचा विचार कोणत्याही अर्काप्रमाणे करावा.)

आता फांदीकडे येतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चामखीळ ही निसर्गातील लपंडावाच्या सर्वांत सुंदर कथांपैकी एक आहे.

चामखीळ होते ती मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे. आपली बाह्यत्वचा अनेक थरांची असते: सर्वांत खालच्या थरातील पेशी सतत विभागत असतात, त्यांच्या लेकी वर सरकत जातात, वाटेत चपट्या होतात, मरतात आणि सुमारे महिन्याभराने कोंड्यासारख्या झडून पडतात. विषाणू एखाद्या बारीकशा खरचटीतून थेट तळाच्या थरात शिरतो. तिथे तो अत्यंत गुपचूप राहतो. पेशीत त्याच्या जनुकद्रव्याच्या मोजक्याच प्रती असतात आणि प्रथिनेही नाममात्र तयार होतात. पेशी वर सरकू लागली की तो तिला विभागत राहायला लावतो, त्यामुळे त्वचा जाड होऊन उंचवटा येतो. आपल्या हजारो प्रती आणि आपले बाहेरचे कवच मात्र तो अगदी वरच्या थरांत पोहोचल्यावरच तयार करतो, जिथे पेशी तशाही मरणार असतात. तो कोणतीही पेशी फोडून बाहेर पडत नाही. झडणाऱ्या त्वचेबरोबर तो आयता बाहेर पडतो.

यातली युक्ती लक्षात घ्या. आपली प्रतिकारयंत्रणा जागी होते ती मुख्यतः दोन खुणांनी: पेशी अकाली फुटल्याने झालेला दाह, आणि रक्तात किंवा लसिकेत आलेली परकी प्रथिने. हा विषाणू रक्तात उतरतच नाही, आणि पेशी फोडत नसल्याने दाहही होत नाही. परक्या प्रथिनांचा नमुना उचलून जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत नेणाऱ्या लँगरहान्स पेशी त्वचेत पहाऱ्यावर असतात, पण चामखिळीच्या जागी त्यांची संख्याच रोडावलेली आढळते. म्हणून चामखीळ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीराच्या डोळ्यांदेखत बसून राहते. पण कधीतरी, एखाद्या खरचटण्याने, नख लागण्याने किंवा निव्वळ योगायोगाने, एखादा नमुना ग्रंथीपर्यंत पोहोचतो. तिथे त्या प्रथिनाला नेमकी ओळखणारी टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची एक पांढरी रक्तपेशी, असते. ती दुपटी-दुपटीने वाढते आणि तिच्या हजारो प्रती रक्तावाटे सर्वांगाच्या त्वचेत पसरतात. अशा मावळत्या चामखिळीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिच्यात या पेशींची गर्दी दिसते, आणि बाहेरून कधी कधी तिथे थोडी लाली व खाज येते. एकदा ओळख पटली की ती एका चामखिळीपुरती राहत नाही, त्यामुळे वर्षभर असलेल्या सात-आठ चामखिळी दोन-तीन आठवड्यांत एकदम नाहीशा झाल्या असे पुष्कळदा घडते. संसर्ग फक्त बाह्यत्वचेत असतो, तिच्याखालच्या अंतस्त्वचेत नसतो. म्हणून मागे व्रणही राहत नाही. चामखिळीत दिसणारे काळे ठिपके म्हणजे तिची ‘मुळे’ असे समजले जाते, पण ते केशवाहिन्यांत गोठलेले रक्त असते. चामखिळीला मूळ नसते. ही सारी कामगिरी प्रतिकारशक्तीची आहे, याची उलट बाजूने मिळणारी साक्षही बोलकी आहे: मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना चामखिळी मोठ्या संख्येने होतात आणि त्या हटता हटत नाहीत.

आता हे किती वेळात घडते ते पाहा. नेदरलँड्समधील प्राथमिक शाळांत केलेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश मुलांना चामखिळी आढळल्या आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या वर्षभरात पूर्णपणे गेल्या. माझ्या भाचीच्या चामखिळी आधी सात महिने होत्या, मग पाच महिने थुजा चालले. म्हणजे ती सर्वसामान्य मुलांच्या वेळापत्रकातच बसते. त्यात आणखी एक गोष्ट मिळवायला हवी. आईवडील उपचार सुरू करतात ते चामखीळ उगवल्या दिवशी नव्हे, तर ती वाढून, पसरून, शाळेत मुले चिडवू लागल्यावर; जे दुखणे आपोआप चढते आणि उतरते, त्यावर माणूस औषध घेतो ते शिखरावर, आणि शिखरानंतर उतारच असतो. घोड्याच्या शेपटीचा केस, चुना, गंडा-दोरा, मंतरलेले तेल, या सगळ्यांचे नाव चामखिळीच्या बाबतीत इतके चांगले का आहे, ते यातूनच कळते. (देठ असलेल्या मसाभोवती केस घट्ट बांधला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढे मात्र खरे.) शरीराने केलेल्या कामाचे श्रेय मांत्रिकाच्या पदरात पडते आणि मग तोच मांत्रिक कावीळ आणि सर्पदंशही ‘उतरवू’ लागतो, हे मला फार बोचते.

तरीही थुजाने उतार थोडा लवकर आला असेल, असे कोणी म्हणू शकेल, आणि तो प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर तर्काने नव्हे, तुलनेने मिळते: सारख्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या, आणि कोणाला काय मिळाले हे निकाल लागेपर्यंत रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही. ही पद्धत पुण्याला परकी नाही. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची परीक्षा याच तत्त्वावर घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी १०० पत्रिका एकत्र मिसळून त्यांतल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे धाडली आणि त्यांचे यश नाणेफेकीपेक्षा सरस नव्हते. कोणती पत्रिका कोणाची हे झाकले, एवढ्या एका कृतीने शतकानुशतकांचा वाद मोजण्याजोगा झाला.

थुजाचीही अशीच परीक्षा झालेली आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १७४ जणांच्या तळपायावरील चामखिळींवर थुजा ३० आणि त्याच्या जोडीला आणखी दोन होमिओपॅथिक औषधे सहा आठवडे देऊन पाहिली गेली, आणि निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. अठराव्या आठवड्यात औषध घेतलेल्यांपैकी २० टक्के बरे झाले होते, कोऱ्या गोळ्या घेतलेल्यांपैकी २४.४ टक्के. यावर एक आक्षेप नेहमी येतो, की होमिओपॅथीत औषध माणसागणिक निवडावे लागते, सगळ्यांना एकच देऊन चालत नाही. ऑस्ट्रियात ग्राझ येथे ६० मुलांवर झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येक मुलासाठी औषध वेगळे निवडले होते. चामखिळींचे क्षेत्र निम्म्याने किंवा अधिक कमी झालेली मुले औषधाच्या गटात ३० पैकी ९ निघाली, कोऱ्या गोळ्यांच्या गटात ३० पैकी ७. पूर्ण बरी झालेली मुले मात्र अनुक्रमे ५ आणि १ होती, आणि हा आकडा मी लपवणार नाही, कारण होमिओपॅथीचे समर्थक तोच पुढे करतील. सहा नाणी उडवली तर पाच-एक किंवा सहा-शून्य अशी विषम वाटणी ६४ पैकी १४ प्रकारांनी होते, म्हणजे साधारण पाच वेळांत एकदा. एवढ्या सहज पडणाऱ्या दानावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही. संख्या लहान असली की योगायोगाचा आवाज मोठा येतो.

म्हणूनच अनेक चाचण्या एकत्र तोलाव्या लागतात. ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली आलेल्या विश्लेषणात होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्या शेजारी ठेवल्या होत्या; त्यांतल्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्याच निवडल्यावर आधुनिक औषधांचा परिणाम टिकला, होमिओपॅथीचा विरून गेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ विकारांवरील १७६ अभ्यास तपासले आणि एकाही विकारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे या पद्धतीला १९७३ पासून केंद्रीय कायद्याची मान्यता आहे, पण कायदा व्यवसायाला मान्यता देतो. विषाणूला कायदा लागू होत नाही.

आतेबहिणीच्या ‘मनाचा खेळ नाही’ या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. भाचीला काही कळण्याची गरजच नव्हती. तिच्या टी-पेशींना कळले, तेवढे पुरले. मात्र हे प्रत्येक दुखण्यात होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही आणि तान्ह्या बाळांचे जुलाब यांवर होमिओपॅथीवर विसंबू नये, असा इशारा दिला, कारण या दुखण्यांत वाट पाहण्याची किंमत जिवाने मोजावी लागते. आणि पन्नाशीनंतर अंगावर नवी ‘चामखीळ’ उगवून ती वाढू लागली, रंग बदलू लागली किंवा तिच्यातून रक्त येऊ लागले, तर गोळ्या सुरू करण्याआधी ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी, कारण ती चामखीळ नसण्याची शक्यता असते.

मुलांच्या चामखिळी लवकर घालवायच्याच असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचा लेप आहे. सहा चाचण्यांच्या एकत्रित आकड्यांत त्याने ७५ टक्के लोक बरे झाले; तुलनेसाठी कोरा लेप लावलेल्यांतले ४८ टक्के. लेपाचे खरे श्रेय या दोन आकड्यांमधल्या फरकाएवढेच आहे, बाकीचे शरीराचे. पण मला त्याहून वेधक वाटतो तो अलीकडचा प्रयोग, ज्यात एकाच चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेला लशीचे किंवा कँडिडा बुरशीच्या प्रथिनाचे इंजेक्शन देतात. त्या जागी दाह होतो, पहारेकरी पेशी धावून येतात, आणि त्या गोंधळात त्यांना लपलेला विषाणूही सापडतो. मग सुई न टोचलेल्या, दुसऱ्या हातावरच्या चामखिळीसुद्धा मावळतात. या उपचाराची पारखही त्याच पद्धतीने झाली: काही रुग्णांच्या चामखिळीत निव्वळ मिठाचे पाणी टोचून.